डोंगरावरची खोली

 

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नवीन पाहुणी भेटली की नावगाव विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "घाटावरच्या की घाटाखालच्या?" चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा म्हटलं की घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद म्हटलं की घाटाखाली. एवढ्या एका उत्तरावरून तिकडे पीक काय, पाणी कसं, याचा अंदाज आपल्याला येतो.

मुंबईतही असाच प्रश्न विचारावा लागतो, हे आम्हाला उशिरा कळलं. तिथं विचारायचं, "तुमचं पोरगं डोंगरावर राहतं की खाली?" आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

विषय निघाला तो आमच्या गटातल्या कर्जावरून. मासिक बैठकीत एका मैत्रिणीनं अर्ज ठेवला. तिचा मुलगा मुंबईत कामाला लागला होता. चार पोरांत मिळून राहत होता. आता लग्न ठरलं, म्हणून स्वतंत्र खोली भाड्यानं घ्यायची, आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी पैसे हवेत. खोली कुठं, तर घाटकोपरच्या डोंगरावर. तिनं अभिमानानं सांगितलं, "उंचावर हाये, हवा लय चांगली येते म्हणते पोरगं."

बकरीसाठी, बियाण्यासाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं की आम्ही दहा प्रश्न विचारतो. बकरी कितव्या वेताची, चारा कुठून आणणार, मशीन नवं की जुनं. खोलीबद्दल मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. तेव्हा आमच्यापैकी दोघी म्हणाल्या, "थांबा. त्या डोंगरावर आम्ही एक रात्र राहून आलो आहोत."

त्या दोघी महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटाच्या शेवया, पापड, कुरडया विकायला वांद्र्याला गेल्या होत्या. एका रात्री भाचीकडे मुक्काम केला. तिथं त्यांनी जे पाहिलं आणि नंतर आम्ही सगळ्यांनी विचारपूस करून, वाचून जे समजून घेतलं, ते आज सांगतो.

आपल्याला वाटतं मुंबई म्हणजे समुद्र आणि सपाट रस्ते. पण मुंबई मुळात सात बेटं, आणि त्या बेटांवर टेकड्या. काही टेकड्या खोदून त्यांची माती-दगड बेटांमधल्या खाडीत भराव म्हणून टाकले गेले. डोंगरी नावाचा भाग आहे, त्याचं नावच डोंगरावरून पडलेलं. आज तिथं गेलात तर डोंगर दिसायचा नाही, तो इमारतींखाली हरवला आहे. माझगावला भंडारवाड्याची टेकडी आहे. वांद्र्याला मोत माउलीचं देऊळ टेकडीवरच आहे, सप्टेंबरात तिथं मोठी जत्रा भरते, सगळ्या धर्मांचे लोक नवस फेडायला येतात. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळा सुळका आहे, सुमारे 200 फूट उंच, आणि त्याच्या डोक्यावर गावदेवीचं मंदिर. हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपलं लोणारचं सरोवर ज्या काळ्या खडकात आहे, तोही त्याच लाव्हाचा. म्हणजे दगड तिथला आणि इथला एकच आहे, मैत्रिणींनो.

आता या टेकड्यांवर राहतं कोण? इथंच खरी गोष्ट सुरू होते.

दक्षिण मुंबईत मलबार हिल आहे. तिथं राज्यपालांचं निवासस्थान आहे, मुख्यमंत्र्यांचा वर्षा बंगला आहे. शेजारी कंबाला हिल. वांद्र्याकडे पाली हिल, तिथं सिनेमावाले राहतात. या टेकड्यांवर जितकं वर जावं तितकं घर महाग. वर गेलं की समुद्र दिसतो, वारा येतो, मोटार थेट दारात जाते.

दुसऱ्या बाजूला घाटकोपर, असल्फा, साकीनाका, विक्रोळीचं पार्कसाइट आणि सूर्यनगर, भांडुप, चेंबूरचा वाशी नाका, मालाडचं कुरार. इथंही डोंगर आहेत, पण हिशेब उलटा. जितकं वर जावं तितकी खोली स्वस्त आणि माणूस गरीब. रस्त्यालगतच्या घरांना भाडं जास्त. वर अरुंद पायऱ्या, मध्ये गटाराची नाळी, आणि सगळ्यात वर शेवटी आलेला माणूस. गिरण्यांचं, खाणींचं, बांधकामाचं काम शोधत लोक आले. 1972 च्या दुष्काळात आले, त्यानंतरही येत राहिले. सपाट जागा आधीच्यांनी धरलेली. उरला तो उतार. मग तो उतार कापायचा, एक खोली बसेल एवढा ओटा काढायचा, त्यावर पत्र्याचं घर.

म्हणजे दोन्हीकडे डोंगरच. मग फरक कशाचा? आम्ही खूप बोललो तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक पाणी, दुसरी भिंत.

आधी पाण्याचं सांगतो. आमच्या दोघी रात्री भाचीच्या घरी पोहोचल्या. पायऱ्या मोजल्या नाहीत, पण तीनदा बसून दम घ्यावा लागला. घर नीटनेटकं, भांडी चकचकीत, दारात तुळस. दाराशी निळे पिंप ओळीनं. भाची म्हणाली, "मावशी, पहाटे उठवीन हं, पाणी दीड तासच येते." पहाटे अंधारात खालच्या गल्लीत नळाला पाइप जोडायचा, मोटर लावायची, आणि खालच्या घरांचं भरून झाल्यावर धार वर चढेल तेवढी आपली. वीज गेली की हंडे डोक्यावर. गॅसची टाकी वर आणायला वेगळे पैसे. एक शेजारीण गरोदर होती, तिला दवाखान्यात नेताना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. हे सगळं भाची हसत हसत सांगत होती, आणि आमच्या दोघींना घास गिळवत नव्हता.

आता गंमत बघा. मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा या शहापूरकडच्या धरणांतून. ते पाणी शहरात आणून मोठ्या हौदांत साठवतात. हे हौद असतात कुठं? टेकड्यांवर. उंचावरून पाणी आपोआप खाली उतरतं, म्हणून. मलबार हिलवर असा मोठा हौद आहे. त्याच्यावर माती टाकून बाग केली आहे, तीच प्रसिद्ध हँगिंग गार्डन. भंडारवाड्याच्या हौदावरही बाग आहे. घाटकोपरच्या, मालाडच्या डोंगरावरही हौद आहेत. पण हौदातलं पाणी खालच्या शहराला जातं. हौदाच्या शेजारी, हौदाच्या उंचीवर जी झोपडी आहे, तिच्यात ते चढत नाही. तिकडे शहापूर तालुक्यात, जिथं धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. इकडे शहरात हौदाच्या सावलीतली बाई पिंप घेऊन खाली उतरते.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडेही कॅनॉल शेताच्या बाजूनं जातो आणि विहीर कोरडी असते. पण मुंबईच्या बायांनी यावर काय केलं तेही ऐका. सरकारनं ठरवलेल्या तारखेनंतरच्या झोपड्यांना महापालिका नळ देत नव्हती. मग वस्त्यांमधले लोक पाणी हक्क समिती म्हणून एकत्र आले आणि मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयानं सांगितलं की, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पुढे मे 2022 पासून महापालिकेनं सर्वांसाठी पाणी असं धोरण सुरू केलं. वस्तीत नळ मागायचा तर शेजारच्या घरांनी गट करायचा, एक सचिव नेमायचा, बिल सगळ्यांनी वाटून भरायचं. ऐकून आम्हाला हसू आलं. हा तर आपलाच बचत गट झाला! कागदावर हक्क आला तरी उंचावर धार चढवायची लढाई उरतेच. पण हक्क नसताना भांडणं वेगळं आणि हक्क असताना मागणं वेगळं.

काही वर्षांपूर्वी असल्फ्याच्या डोंगरावरची घरं स्वयंसेवकांनी रंगवली. निळी, पिवळी, गुलाबी. मेट्रोतून जाताना फार सुंदर दिसतात. रंग लावला हे चांगलंच झालं. पण रंगानं हंडा हलका होत नाही.

आता दुसरी गोष्ट, भिंत. हे जरा जड आहे, पण सांगायलाच हवं.

12 जुलै 2000 ला घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराचा कडा वस्तीवर आला. सत्तरच्या आसपास माणसं गेली. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्यात अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. त्या दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. 2 जुलै 2019 च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात, आंबेडकर नगरात, पाण्याच्या हौदाच्या आवाराची भिंत कोसळली. भिंतीमागे पावसाचं पाणी तुंबलं होतं. पाणी आणि भिंत दोन्ही झोपलेल्या घरांवर आले. किमान 30 जीव गेले. ज्या हौदाचं पाणी त्यांच्या घरात चढत नव्हतं, त्याच हौदाची ती भिंत. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात मिळून 25 हून अधिक माणसं गेली.

सगळ्या तारखा जुलैच्या. आणि 2019 आणि 2021 मध्ये तर घरातली माणसं झोपलेली.

तुम्ही म्हणाल, दरड देवाची करणी, श्रीमंताच्या डोंगरावर कोसळत नाही का? कोसळते. ऑगस्ट 2020 मध्ये मलबार हिलचा उतार खचला, संरक्षक भिंत पडली, झाडं आणि माती रस्त्यावर आली. रस्ता बंद झाला. पण माणूस दगावला नाही, कारण त्या दरडीखाली कुणाचं अंथरूण नव्हतं, रस्ता होता. आणि 2023 मध्ये मलबार हिलचा जुना हौद नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा झाडं जातील म्हणून तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, तर आयआयटीचे तज्ज्ञ असलेली समिती नेमली गेली. विचारणं चांगलंच. आमचं म्हणणं एवढंच की, पिंपरीपाड्याच्या बाईलाही कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, "बाई, भिंतीतून पाणी झिरपतं का?" तिला नक्की माहीत असतं.

डोंगर का खचतो? यासाठी इंजिनिअर व्हायला नको. ज्यांच्या घराला धाबं आहे त्यांना माहीत आहे. झड लागली, धाब्याच्या मातीत पाणी मुरलं की माती जड होते आणि खालचं लाकूड करकरायला लागतं. डोंगरावरचा मुरूम आणि माती तशीच जड होते. त्यात उताराचा पाय कापून खोली बांधलेली असेल तर वरच्या मातीला टेकूच उरत नाही. आणि भिंतीचं म्हणाल, तर शेताचा बांध आठवा. सांडवा नसलेला बांध कितीही पक्का बांधा, मागे पाणी तुंबलं की फुटतोच. डोंगराच्या भिंतीला म्हणून भोकं ठेवलेली असतात, मागचं पाणी निघून जायला. ती भोकं मातीनं, प्लास्टिकनं बुजली किंवा कुणी सिमेंटनं बंद केली की भिंत बांध होते, बिनसांडव्याचा.

हे आपल्याला कळतं. मोताळ्याच्या सिंदखेडसारख्या गावांनी पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत उतारावर चर खोदले, बक्षीसही मिळवलं. त्या कामात हातात कुदळ घेणाऱ्या बायाही होत्या. पळतं पाणी चालतं करायचं आणि चालतं पाणी थांबवायचं, हे आपण शिकलो. मग पोराच्या खोलीमागचा उतार आपल्याला का कळू नये?

म्हणून आम्ही बैठकीत पाच प्रश्न काढले. तुमच्या घरातलं कुणी मुंबईला, किंवा कुठल्याही शहरात डोंगराच्या अंगानं खोली घेणार असेल तर हे लिहून ठेवा.

पहिला, खोलीच्या मागची भिंत कशाला टेकली आहे? शेजारच्या घराला की कापलेल्या डोंगराला? कापलेल्या डोंगराला असेल तर ती खोली नको.

दुसरा, वर काय आहे? सुटे दगड, मोठी भिंत, पाण्याचा हौद? भिंत असेल तर तिच्या पाणी निघायच्या भोकांमधून पावसात पाणी येतं का, की ती कोरडी आणि भिंत ओली? कोरडी भोकं आणि ओली, फुगलेली भिंत म्हणजे धोका.

तिसरा, पाण्याची वाट कुठून जाते? नाला घराच्या बाजूनं आहे की घर नाल्याच्या वाटेत? पाणी आपली वाट विसरत नाही.

चौथा, गेल्या पावसाळ्यात महापालिकेनं त्या गल्लीला नोटीस दिली होती का? पावसाळ्याआधी धोक्याच्या उतारांवर अशा नोटिसा लागतात. घरमालक सांगणार नाही. शेजारणीला विचारायचं.

पाचवा, प्यायचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ, आणि ते भरणार कोण? हा प्रश्न पोरानं नाही, होणाऱ्या सुनेनं विचारायचा. कारण पहाटे तिलाच उठायचं आहे.

आणि राहायला गेल्यावर लक्ष ठेवायचं. फरशीला नवी भेग, दार अचानक घासायला लागणं, विजेचा खांब किंवा झाड कललेलं, उतारातून नवं पाणी फुटणं किंवा नेहमीचं पाणी एकदम गढूळ येणं, बारीक दगड घरंगळणं. यातलं काही दिसलं आणि पाऊस लागून राहिला असेल तर सामान आवरायचं नाही. लेकरं उचलायची आणि बाजूला, सपाट जागी निघायचं. मुंबईत महापालिकेच्या मदतीचा नंबर 1916, तो पोराच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवायचा.

हे प्रश्न आम्ही त्या मैत्रिणीपुढे ठेवले तेव्हा ती रागावली. म्हणाली, "तुम्ही मले पोराच्या घरासाठी पैसे देऊन राहिल्या का त्याची परीक्षा घेऊन राहिल्या? खाली परवडते का त्याले?" तिचं खरं होतं. हौस म्हणून कुणी त्या पायऱ्या चढत नाही. प्रश्न विचारल्यानं खालची खोली स्वस्त होत नाही. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी ठरलं ते असं. अर्ज मंजूर करायचा, आणि गरज पडली तर थोडी जास्त रक्कम द्यायची, पण पोरानं पाच प्रश्नांची उत्तरं आणायची. त्यानं रविवारी जाऊन पाहिलं. ठरवलेल्या खोलीची मागची भिंत म्हणजे कापलेला डोंगरच होता, वरून नुसता सिमेंटचा गिलावा. हात लावला तर ओल लागली. शेजारणीनं सांगितलं की, जुलैमध्ये त्या ओळीतल्या बाया रात्री झोपत नाहीत, आळीपाळीनं जागतात. त्यानं ती खोली सोडली. दोन गल्ल्या खाली, डोंगरापासून सुटी, जरा लहान आणि जरा महाग खोली घेतली. कर्जाचा हप्ता वाढला. मैत्रीण तो भरते आहे, आणि पावसाळ्यात मुंबईत पाऊस लागला की रात्री फोन करते.

यात आम्ही फार मोठं काही केलं असं नाही. एका पोराची खोली बदलली, एवढंच. पण एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ती पहिली खोली रिकामी राहिली नसणार. ती स्वस्त होती. कुणीतरी घेतलीच असेल. कदाचित आपल्याच जिल्ह्यातल्या, मलकापुरात किंवा शेगावात रेल्वेत बसलेल्या कुठल्या तरी पोरानं. त्याच्या आईच्या गटात हे बोलणं झालं नसेल.

म्हणून आज रेडिओवर आलो. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा. कुणाकुणाची लेकरं मुंबई-पुण्याला आहेत, ती डोंगरावर आहेत की खाली, एवढं विचारा. पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि फोनवर वाचून दाखवा. आणि आपल्या गावातही, घाटाच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठाशी कुणाचं घर असेल, तर पहिल्या पावसाच्या आधी चौघी मिळून तिथं एक चक्कर मारा. मागचा उतार बघा, पाण्याची वाट बघा, आणि दिसलं ते ग्रामसभेत बोला. 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण आणि 2023 मध्ये रायगडातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती काही शहरं नव्हती.

पाण्याला आणि उताराला बाईइतकं कुणी ओळखत नाही. मग विचारायला तरी आपण का लाजायचं?